वीस वर्षं जुनी जिप्सी घेतली आहे, पहिल्या महिन्यात काय काय करू?

रामबागी | ८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. मागच्या आठवड्यात २००४ सालची मारुती जिप्सी घेतली. १३०० सीसी, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे पेट्रोल कॉम्प्युटर सोडतो), सॉफ्ट टॉप. शाळेत असल्यापासून ही गाडी मनात होती, इंदूरला परत आल्यावर योग आला. आधीचे मालक महूच्या पुढे शेती करतात, माणूस चांगला आहे, पण सर्व्हिसचा एकही कागद त्यांच्याकडे नाही. घड्याळात १,१२,००० किमी दिसतात.

तीन गोष्टी लक्षात आल्या आहेत.

६० च्या वर गेलं की स्टिअरिंग थडथडतं. खड्ड्यातून चाक गेलं की इतकं हलतं की वेग कमी करावाच लागतो.

रविवारी सुपर कॉरिडॉरवर फोर बाय फोर लावून बघितलं. लागलं सहज, पण परत काढायला गेलो तर दांडा हलेना. दोन्ही हातांनी ओढला तेव्हा खाडकन आवाज होऊन निघाला.

पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला काळा तेलकट थर आहे. मेकॅनिक म्हणतो, "पुरानी गाडी है, इतना तो चलता है."

हाताशी चाळीस हजार आहेत. मनात मोठे टायर, एलईडी बार आणि जमलं तर विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची दोराची चरखी) आहे. जुलैत जानापावला जायचा बेत आहे. आधी काय करू?

डोंगरवेडा | ८ जून, रात्री १०:५२

अभिनंदन! फोटो कुठेय?

महूकर | ८ जून, रात्री ११:३५

विंच आणि दिवे सध्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. कागद नाहीत म्हणजे आधी काहीच झालेलं नाही असं धरूनच सुरुवात करायची. माझ्याकडे अकरा वर्षं जिप्सी आहे, दोनदा जुनी घेतली आणि दोन्ही वेळा हेच केलं.

साध्या गाडीत लोक इंजिन ऑइल बदलतात आणि सर्व्हिस झाली म्हणतात. या गाडीत तेलाची पाच वेगवेगळी घरं आहेत: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी), पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकाला वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे दाते). जिप्सीचा ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेला नाही, मधे एक छोटा प्रोपेलर शाफ्ट (ताकद पोचवणारा फिरता दांडा) आहे. त्यामुळे गिअरबॉक्सचं तेल बदललं की त्याचंही बदललं असं होत नाही. बऱ्याच गॅरेजमध्ये तो राहूनच जातो. माझ्या पहिल्या गाडीच्या ट्रान्सफर केसमधून जेमतेम चहाचा कपभर तेल निघालं होतं, तेही डांबरासारखं.

एक गोष्ट समोर उभं राहून करून घ्या. खालचा बोल्ट खोलण्याआधी वरचा, तेल भरायचा बोल्ट खोलून बघायचा. वीस वर्षांत तो कधी खोललेला नसेल तर गंजून बसलेला असतो. खालून तेल काढून टाकलं आणि वरचा उघडलाच नाही, तर गाडी तिथेच अडकली.

निघालेलं तेल पांढऱ्या डब्यात घ्या. दुधाळ, ताकासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. काळं पण साफ असेल तर नुसतं म्हातारं झालंय. त्यात बोट फिरवा. राखेसारखी बारीक पूड चालते, पण नखाएवढे तुकडे हाताला लागले तर गाडी चालवू नका, आधी आत बघा.

याशिवाय ब्रेक ऑइल, कूलंट आणि टायमिंग बेल्ट टेन्शनरसकट. बेल्ट कधी बदलला हे माहीत नसेल तर घड्याळ काय म्हणतं याला अर्थ नाही, रबर वयानेही मरतं.

सियागंजचा_पाना | ९ जून, सकाळी ७:१०

महूकरांना दुजोरा, फक्त तेल घेताना दुकानदार जे हातात देईल ते घेऊ नका. आमच्या बाजारात नव्वद नंबरचा एकच डबा सगळीकडे चालवतात. डिफरन्शियलला जीएल-५ ग्रेडचं तेल लागतं, कारण तिथले हायपॉइड दाते एकमेकांवर घासत सरकतात आणि त्यांना जास्त दाब सहन करणारं तेल हवं. गिअरबॉक्सला जीएल-४. तिथे गिअर सहज पडावा म्हणून पितळेच्या सिंक्रो रिंगा आहेत, आणि जीएल-५ मधली गंधकयुक्त रसायनं पितळेला मानवत नाहीत. ट्रान्सफर केससाठी मॅन्युअल बघा. डबा उलटा करून ग्रेड वाचायची, एवढंच काम आहे.

गाडीवाला_भिया | ९ जून, सकाळी ९:०२

मी गेली आठ वर्षं सगळीकडे जीएल-५ च घालून राहिलोय, काही झालं नाही.

सियागंजचा_पाना | ९ जून, सकाळी ९:२०

दुसरा गिअर थंडीत पटकन पडतो का?

गाडीवाला_भिया | ९ जून, सकाळी ९:४१

डिसेंबरात सकाळी थोडा अडतो. पण तो सगळ्यांचाच अडतो असं वाटायचं मला. बघतो बदलून.

निवृत्त_ओव्हरसियर | ९ जून, दुपारी १२:१५

रामबागी, तुमचा दांडा का अडकला ते सांगतो. मी सिंचनाच्या कामावर बडवानी-धार भागात सव्वीस वर्षं जीपने फिरलो आहे, आणि माझ्या पहिल्या ड्रायव्हरने ही गोष्ट मला पहिल्याच आठवड्यात समजावली होती.

वळणावर चारही चाकं सारखं अंतर कापत नाहीत. पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान. दोन वेगळे प्रोपेलर मोकळे असतात तोवर याचा त्रास नाही. फोर बाय फोर लावलं की तुमच्या गाडीत पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकमेकांना बांधले जातात, मधे फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. चिखलात, वाळूत, मुरमावर चाक जरासं घसरतं आणि फरक मिटतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि दात्यांमध्ये साठत जातो. ओल्या धोतराचा पिळा डोळ्यांसमोर आणा. दांडा त्या पिळ्यात आवळला जातो. तुम्ही जोर लावून ओढलात तेव्हा जो खाडकन आवाज आला, तो पीळ सुटल्याचा.

पुन्हा असं झालं तर जोर लावायचा नाही. गाडी सरळ रेषेत चार-पाच मीटर मागे घ्यायची, किंवा एका बाजूची चाकं रस्त्याच्या कडेच्या मातीत उतरवायची, मग दांडा हलक्या हाताने येतो. आणि डांबरावर फोर बाय फोर लावायचंच नाही. सुपर कॉरिडॉर त्यासाठी नाही.

पण दांडा वापरातच आणायचा नाही असंही करू नका. महिन्यातून एकदा कच्च्या रस्त्यावर दोन किलोमीटर लावून चालवा. पुढच्या डिफरन्शियलचं तेल हलतं, वरच्या बाजूची सीलं कोरडी पडत नाहीत. चाकाच्या मध्यभागी फिरवायची टोपी असेल तर ते हब लॉक (पुढचं चाक ॲक्सलला जोडणारे) आहेत, तेही त्या दिवशी लावा. पडून राहिलेलं यंत्र लवकर खराब होतं.

माळव्याची_लेक | ९ जून, दुपारी १:३०

काका, धोतराचा पिळा मी कायम लक्षात ठेवणार!

माझ्याकडे बाबांची महिंद्रा एमएम ५४० आहे, डिझेल. तेलांबद्दल सगळं पटलं, पण थर्मोस्टॅटबद्दल (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप) कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे जुनी गाडी गरम झाली की पहिला उपाय म्हणजे थर्मोस्टॅट काढून फेकणं. आमच्याही गाडीचा असाच एका गॅरेजने काढला होता, बाबांना न विचारता. मी गाडी हातात घेतली तेव्हा हिवाळ्यात पंधरा किलोमीटर गेलं तरी काटा वर यायचा नाही, धूर यायचा, डिझेल जास्त जायचं. इंजिनाला आपल्या तापमानाला पोचणं तितकंच गरजेचं आहे जितकं न तापणं. एमपीएफआय जिप्सीत तर त्रास आणखी: इंजिन थंडच आहे असं समजून कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो.

गाडी तापत असेल तर कारण दुसरीकडे असतं. आमच्या रेडिएटरच्या निम्म्या नळ्या क्षाराने बंद होत्या. वर्षानुवर्षं बोरिंगचं पाणी भरलेलं. रेडिएटर साफ करून, नवा थर्मोस्टॅट आणि डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळलेला कूलंट घातला. गेल्या मे महिन्यात भेरूघाट भर दुपारी चढले, काटा अर्ध्यावरच.

महूकर | ९ जून, दुपारी २:०५

थर्मोस्टॅटवर मी थोडा वेगळा आहे. उन्हाळ्यात, दूर कुठेतरी, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर काढून घरी येणं बरोबरच आहे. मी असा आलोय.

माळव्याची_लेक | ९ जून, दुपारी २:११

घरी येण्यापुरता, हो. पण घरी आल्यावर नवा टाकलात ना?

महूकर | ९ जून, दुपारी २:३०

दुसऱ्या दिवशी. :)

पोहे_जिलेबी | ९ जून, दुपारी ४:००

मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण धागा सकाळपासून वाचते आहे. जानापावला जाणार असाल तर पहाटे निघा आणि पोहे महूत खा, वरून गरम जिलेबी. पावसाळ्यात वर धुकं असतं, चंबळ तिथे उगम पावते हे पाहूनच मन भरतं. आमच्या आजीच्या वेळी बैलगाडीने जायचे म्हणे, तिथे सर्व्हिस म्हणजे बैलांना पेंड!

निवृत्त_ओव्हरसियर | ९ जून, दुपारी ४:२५

आणि चाकाच्या आखाला वंगण. ते चुकलं तर बैलगाडीही दोन कोसांवरून ओरडत यायची. आमच्या जीपचा ड्रायव्हर दर रविवारी सकाळी ग्रीस गन घेऊन खाली झोपायचा. प्रोपेलरचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे सांधे), स्लिप योक, शॅकल, सगळीकडे नवं ग्रीस जाऊन जुनं काळं बाहेर येईपर्यंत पंप मारायचा. त्याचं म्हणणं, जुनं बाहेर आलं तरच नवं आत गेलं. क्लच सोडताना खालून "टक्" ऐकू येत असेल तर क्रॉस हाताने पिळून बघा.

रामबागी | ९ जून, रात्री ९:५०

इतकं सगळं एका दिवसात! मनापासून आभार. काका, तुमचं वाचून उद्या दांडा लावायचीच भीती वाटत होती, पण कळलं ते फार बरं झालं.

आज एक नवीन बघितलं. पुढचे दोन टायर जवळजवळ नवे आहेत, २१५/७५ आर १५. मागचे जुने आहेत, २०५/७० आर १५. आधीच्या मालकांना पुढे "जरा भरदार" हवे होते. याने फरक पडतो का?

नर्मदाकाठ | ९ जून, रात्री १०:३०

पडतो, आणि इथेच तुमच्या दांड्याचं अर्धं उत्तर आहे.

कागदावरचा हिशेब करा. २०५/७० चा व्यास म्हणजे १५ इंची रिमचे ३८१ अधिक दोनदा टायरच्या भिंतीची उंची (२०५ च्या ७० टक्के) १४३.५, एकूण ६६८ मिमी. २१५/७५ चा ७०३.५ मिमी. परीघ अनुक्रमे साधारण २.१० आणि २.२१ मीटर. म्हणजे १०० मीटर सरळ जाताना मागचं चाक सुमारे ४७.६ फेरे घेतं आणि पुढचं ४५.२. दोन फेऱ्यांहून जास्त फरक, तोही न वळता! ओव्हरसियर काकांनी वळणाचा पीळ सांगितला, तुमच्या गाडीत तो सरळ रस्त्यावरसुद्धा पडत होता. अशा गाडीत चारही टायर एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखे झिजलेले हवेत. टायरला पैसे घालायचे असतील तर मोठे नकोत, सारखे घ्या.

गाडीवाला_भिया | ९ जून, रात्री ११:०५

चारही २३५/७५ घातले तर? सारखेही झाले आणि गाडी दिसतेही भारी.

नर्मदाकाठ | ९ जून, रात्री ११:२८

व्यास ७३३ च्या आसपास जातो, २०५/७० पेक्षा जवळपास दहा टक्के. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६६ ला असेल. तेराशेच्या इंजिनाला पाचवा गिअर जड जाईल, ब्रेकला जास्त काम, पुढच्या बेअरिंगवर जास्त भार. ज्या गाडीचं स्टिअरिंग आत्ताच थडथडतंय तिला तर नकोच. मॅन्युअलमधलं माप घ्या, वर्षभर चालवा, मग ठरवा.

महूकर | १० जून, सकाळी ६:४५

आता स्टिअरिंग आणि तेलकट चाकाकडे वळूया, माझ्या मते ही दोन दुखणी एकाच घरातली आहेत.

स्वस्तापासून सुरुवात करा. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल आहे का बघा. आपली काळी माती तिथे वाळून दगडासारखी बसते आणि चाकाचा तोल बिघडवते. ती खरवडून, धुऊन, बॅलन्सिंग करा. मग टाय रॉडची टोकं.

त्याने गेलं नाही तर पुढचं चाक जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा. चाक वर आणि खाली धरून आत-बाहेर हलवा. ढिलं लागलं तर दुसऱ्या कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग. तसाच राहिला तर किंगपिन बेअरिंग, म्हणजे ज्या खुंटीवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं तिचं. तुमच्या वर्णनावरून मला किंगपिनच वाटतात.

तेलकट थराचं असं आहे की पुढच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना एक गोळा असतो, त्यात सांधा आणि ग्रीस. ॲक्सलचं आतलं सील गेलं की डिफरन्शियलचं पातळ तेल त्या गोळ्यात शिरतं, ग्रीसचं वरण होतं आणि बाहेरच्या फेल्टमधून झिरपतं. मग किंगपिन बेअरिंगलाही धड वंगण मिळत नाही. "इतना तो चलता है" वर थांबू नका. तेल डिस्कवर गेलं तर ब्रेक लागायचा नाही.

आणि कोणी नुसता स्टिअरिंग डॅम्पर बसवून देतो म्हणाला तर नको म्हणा. थरथर दबते, झीज चालूच राहते.

चासी_बघा_आधी | १० जून, सकाळी १०:२०

खाली झोपलातच तर चासीही बघा. टॉर्च आणि छोटी हातोडी घ्या. ठोकत जा, टणटणीत आवाज आला तर पत्रा धड, भद्द आवाज आला तर आतून गेलाय. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) हँगर, बॉडीचे माउंट आणि मॅटखालची जमीन या तीन जागा सोडू नका. सॉफ्ट टॉपमधून पाणी आत येतं, मॅट ओली राहते, पत्रा खालून नाही तर वरून गंजतो. गंज खरवडून काढल्याशिवाय वरून काळा थर मारून घेऊ नका. ओल आत कोंडली जाते आणि दोन पावसाळ्यांत भोक पडतं. माझ्या गाडीचं पडलं, ड्रायव्हरच्या टाचेखालीच.

पाट्यांचे यू-बोल्टही आवळून घ्या.

वकीलसाहेब_नव्हे | १० जून, दुपारी १२:००

कागद बघितलेत का? पंधरा वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. २००४ ची गाडी म्हणजे २०१९ ला एकदा आणि २०२४ ला दुसऱ्यांदा वाढवलेली असायला हवी. आरसीवरची तारीख वाचा. १ एप्रिल २०२२ पासून ही फी ६०० वरून ५,००० झाली आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांची त्यानंतर आणखी वाढवली आहे, तो खर्च चाळीस हजारांत धरा. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. चासी नंबर आरसीशी स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, गंजाखाली असेल तर मऊ कपड्याने पुसून.

रामबागी | १० जून, दुपारी १२:४०

आरसी २०२९ पर्यंत आहे. चासी नंबर जुळला. हुश्श.

डोंगरवेडा | १० जून, दुपारी १२:४४

आणि फोटो?

रामबागी | २९ जून, रात्री ८:१५

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय. काम झालं. सविस्तर सांगतो, पुढे कोणाला उपयोगी पडेल.

दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलो, मिस्त्री वयस्क आहेत, आयुष्यभर जिप्सीच करत आलेत. मी तीन दिवस त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसलो. मागच्या डिफरन्शियलचा वरचा बोल्ट खरंच उघडेना. गंज सुटायचं तेल मारून रात्रभर ठेवला, सकाळी निघाला. महूकर, तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही आधी खालचाच खोलला असता. मागचं तेल काळं, पुढचं बरं. ट्रान्सफर केसमधून मात्र अगदी थोडं निघालं.

ब्रेक दाबून चाक हलवलं, ढिलेपणा तसाच. डावीकडचा गोळा खोलला तेव्हा आतून ग्रीस नाही, राखाडी रंगाचं पातळ काहीतरी मिस्त्रींच्या मनगटावरून ओघळलं. किंगपिनचं खालचं बेअरिंग त्यांनी माझ्या हातात दिलं. रिंगेवर नखाने चाचपलं तर रोलर जिथे टेकायचे तिथे एकेक खोबण, सरळ रेषेत, कंगव्यासारखी. त्या खोबणींत रोलर अडखळायचे आणि स्टिअरिंग नाचायचं. दोन्ही बाजूंची चारही बेअरिंगं, आतली सीलं, फेल्टचा संच, सगळं नवं. शिम (पातळ चकत्या) घालून-काढून, तराजूच्या काट्याने नकल (चाक वळवणारा भाग) ओढून बघत त्यांनी ताण जुळवला, त्यातच अर्धा दिवस गेला. घाई केली नाही म्हणून त्यांना मनापासून नमस्कार केला.

थर्मोस्टॅट जागेवर नव्हता! माळव्याची_लेक, तुमची आठवण काढली. नवा बसवला, कूलंट भरला. टायमिंग बेल्टला बारीक भेगा होत्या, तोही बदलला. टायर चारही २०५/७०. पुढचे नवे दोन एका ओळखीच्यांनी घेतले, त्यामुळे भार हलका झाला. तरी चाळीसचे बावन्न हजार झाले. दिवे, विंच काहीही घेतलं नाही आणि आता घ्यावंसंही वाटत नाहीये.

काल चोरलच्या बाजूला कच्च्या रस्त्यावर गेलो. नुकताच पाऊस झालेला, काळी माती चाकाला धरत होती. फोर बाय फोर लावलं, तीन किलोमीटर चाललो, डांबराला लागायच्या आधी थांबून दांडा ओढला. दोन बोटांनी आला. परत येताना ७० पर्यंत नेली, स्टिअरिंग स्थिर. आई शेजारी बसली होती, तिने धरून ठेवलेली दांडी सोडून दिली तेव्हा मला कळलं की गाडी खरंच बरी झाली.

माळव्याची_लेक | २९ जून, रात्री ८:३०

किती छान वाटलं वाचून! काट्याचं काय, अर्ध्यावर येतो का?

रामबागी | २९ जून, रात्री ८:३४

सहा-सात किलोमीटरमध्ये येतो आणि तिथेच राहतो.

महूकर | २९ जून, रात्री ९:००

उत्तम. नवी बेअरिंगं बसली आहेत, हजार किलोमीटरनंतर एकदा चाक पुन्हा हलवून बघा आणि यू-बोल्टही आवळा. पाण्यातून गेलात तर घरी आल्यावर डिफरन्शियलचं तेल एकदा बघायचं. ॲक्सलच्या श्वासनळीचं टोक चिखलाने बुजलेलं नाही ना तेही बघा. गरम ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते, आणि ती नळी बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं.

जानापाव कधी? मी येतोय.

पोहे_जिलेबी | २९ जून, रात्री ९:१२

मीही, पोह्यांपर्यंत नक्की.

निवृत्त_ओव्हरसियर | २९ जून, रात्री ९:४०

शाब्बास. जुलैच्या दुसऱ्या रविवारी मीही येईन, गुडघे म्हणतील तेवढं चढेन. ग्रीस गन घेतलीत का?

रामबागी | २९ जून, रात्री ९:४६

घेतली काका. आज सकाळी पहिल्यांदा स्वतः खाली झोपून सगळ्या निपलना ग्रीस दिलं. मागच्या क्रॉसच्या एका निपलमधून काही जाईना, तो काढून साफ केला, मग काळं बाहेर आलं.